पांढऱ्या ठिपक्याचा डबा

गुरुपादप्पा निटुरे यांनी रुमालाची गाठ सोडली आणि महामाया सोनकांबळेच्या टेबलावर सात पितळी पुंगळ्या ओळीनं उभ्या केल्या.

“उडाल्या न्हाईत,” ते म्हणाले. “विसातल्या सात. चाळीस वर्षांत माझं एक काडतूस फुसकं निघालं न्हाई, बाई. एक न्हाई!”

शेषेराव हंबर्डे यांनी खुर्चीसकट दोन हात मागं जायचं ठरवलं आणि गेलेही. शेषेराव म्हणजे महामायाचे मदतनीस. बत्तीस वर्षं एस.टी.त कंट्रोलर होते. निवृत्तीनंतर घरात करमेना, म्हणून नांदेडच्या वजिराबादेतल्या ह्या ऑफिसात येऊन बसू लागले. महामाया पूर्वी सरकारी प्रयोगशाळेत होती. साहेबाशी भांडून बाहेर पडली आणि आता खासगी तपास करते. भांडण कशावरून झालं ते तिला विचारायचं नाही. विचारलं की ती सांगते, आणि दुपार जाते.

“घाबरू नका,” म्हातारे म्हणाले. “गोळी आन् दारू काढून घेतलीय. नुसती पुंगळी आन् टोपी हाय.”

त्यांनी एक पुंगळी उलटी केली. बुडाशी मसुरीएवढी चंदेरी चकती बसवलेली होती. “ही टोपी. घोडा दाबला की पिन हिच्यावर आपटती. ही ठिणगी देती, ठिणगी दारू पेटवती. टोपी मुकी राहिली की सगळं मुकं.”

महामायानं भिंग लावलं. सातही टोप्यांच्या मध्यभागी पिनेचा उथळ खड्डा होता.

“झालं काय, ते सांगा.”

“रविवारी लातूरच्या रेंजवर राज्याच्या नेमबाजी संघासाठी निवड होती. माझी शिष्या शिवकन्या केंद्रे पहिली येणार, हे तिथल्या दगडालाही माहीत होतं. सात फैरी गेल्याच न्हाईत. सात शून्यं! आरती बिरादार पहिली आली.”

“आणि काडतुसं तुम्ही भरलेली.”

“क्लबला काडतुसं भरून द्यायचा परवाना माझ्या एकट्याच्या नावावर हाय. परवा, गुरुवारी दुपारी बारापर्यंत क्लबला लेखी द्यायचंय, असं का झालं ते. भरणाऱ्याची चूक निघाली, न्हाईतर कोणी उचापत केली असं निघालं, तर पोरीला फेरी पुन्हा मिळती. कारणच दिलं न्हाई तर शून्यं तशीच. पोरीचं वर्ष गेलं.”

“आणि चूक तुमची निघाली तर?”

“परवाना गेला. आन् इज्जत.” म्हातारे थांबले. “पण चूक माझी न्हाई. टोपी निवडण्यात माझी चूक व्हतच न्हाई. माझ्याकडं तीन डबे हायत. पांढरा ठिपका म्हंजे नेहमीच्या टोप्या. तांबडा ठिपका म्हंजे गरम, ठिणगी मोठी. नेहमीच्या काडतुसात बसवली तर दाब वाढतो, रायफलीला धोका, माणसालाबी. काळा ठिपका म्हंजे कडक, पत्रा जाड. जुन्या दणकट रायफलींसाठी ठेवल्यात, वर्ष झालं सीलसुद्धा फोडलं न्हाई. शुक्रवारी संध्याकाळी मी पांढऱ्या ठिपक्याच्याच बसवल्या. डोळे झाकून सांगतो.”

“सांगा डोळे झाकून. बसवताना उघडे होते ना?”

म्हाताऱ्यांना हा प्रश्न आवडला नाही. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

“त्याच्या आधीची काडतुसं कशी निघाली?”

“मंगळवारी संध्याकाळी भरली, बुधवारी सरावात सगळीच्या सगळी उडाली.”

“म्हणजे बुधवार ते शुक्रवार. काडतुसं भरता त्या खोलीची किल्ली कुठं असते?”

“एकच हाय. गळ्यात असती. सकाळी आंघोळ-पूजेला काढून ठेवतो, तासभर.”

“तेव्हा घरात कोण असतं?”

“कोणी न्हाई. मी एकटाच.”

शेषेरावांनी वहीत लिहिलं: घरात अप्पा एकटेच.

---

बुधवारी सकाळी दोघं लातुरात नरसिंग पांचाळच्या दुकानात उभे होते. नरसिंग बंदुका दुरुस्त करतो. लातूर-नांदेडात परवान्याची एकही बंदूक अशी नसेल जी कधी ना कधी त्याच्या टेबलावर झोपली नाही. आज मात्र त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं जाड पट्टीत होती.

“मागच्या सोमवारी ग्राइंडरनं सोलून काढली,” तो म्हणाला. “भाकरीचा तुकडासुद्धा डाव्या हातानं मोडतोय. नऊ दिवस झाले, नुसता बसून राहिलो. कामाला पोरं हायत म्हणून दुकान उघडं.”

शिवकन्येची रायफल तपासणीसाठी क्लबनं त्याच्याकडंच ठेवली होती. महामायानं सातातली एक पुंगळी पुढं केली. नरसिंगच्या सांगण्यावरून दुकानातल्या पोरानं ती रायफलीत सरकवली, घोडा दाबला. खट्ट! काही नाही. मग तीच पुंगळी त्यानं कोपऱ्यातल्या एका जाडजूड जुन्या रायफलीत घातली.

फट्!

शेषेराव थेट रस्त्यावर गेले. परत आले तेव्हा चप्पल शोधत असल्यासारखं करत होते.

“टोपी मेलेली न्हाई,” नरसिंग म्हणाला. “तेल-पाणी काही लागलेलं न्हाई. जिवंत हाय, पण कातडी जाड. दणका मोठा बसला की उडती. शिवकन्येच्या रायफलीची स्प्रिंग मीच नरम केलीय, दोन महिने झाले. झटका कमी लागावा म्हणून. नरम स्प्रिंगला नरम टोपीच पाहिजे.”

“हे कोणाकोणाला माहीत होतं?”

“मला, अप्पांला आन् शिवकन्येला. उदगीरला अप्पांच्याच घरी बसून बोललो आम्ही, चहा पिता पिता. तिघंच होतो. चौथं कोणी नव्हतं.”

“नरसिंगभाऊ, तुम्ही तिच्यावर जळता का?”

नरसिंग हसला, पण हसू टिकलं नाही. “आठ वर्षं अप्पांच्या बंदुका फुकट साफ करून राहिलो, बाई. एकच मागणी होती, मला टोपी बसवायला शिकवा. त्या खोलीच्या उंबऱ्यात पाय ठेवू दिला न्हाई. आन् ही पोरगी वर्षामागं आली ती थेट टोपी बसवायच्या मशीनवर बसली! जळणार न्हाई तर काय आरती ओवाळणार?”

“मागच्या आठवड्यात गेला होता तिकडं?”

“बुधवारी गेलो, सकाळी. अप्पा पूजेत. घरात कोणी नव्हतं. अर्धा तास बसलो, चहा घेतला आन् निघालो.”

बाहेर पडल्यावर शेषेराव कुजबुजले, “हाच! स्प्रिंगबी ह्यालाच ठाऊक, टोपीबी ह्यालाच ठाऊक, आन् पोटात आग.”

“काका, आग सगळ्यांच्याच पोटात निघणार आहे. तुम्ही फक्त मोजत चला.”

आरती बिरादार रेंजवर भेटली. सव्वीस वर्षांची, उन्हानं रापलेली, पहिल्या नंबरचा आनंद चेहऱ्यावर औषधालाही नाही.

“हाव, जळते!” विचारायच्या आत ती म्हणाली. “सगळ्यांना हेच ऐकायचंय ना? मी सात वर्षं पहिली होते. ती आली आन् दुसरा नंबर माझ्या घरी मुक्कामाला आला. अप्पा माझ्याशी दोन शब्द बोलतात, तिच्याशी दोन तास. रात्रंदिवस जळते. पण मला तिला हरवायचं होतं, शून्यांना न्हाई. आता लोक म्हणतात फुकटात जिंकली. असल्या जिंकण्याला काय चाटायचंय?”

“तुझी काडतुसं वेगळी होती?”

“कुठली वेगळी! शनिवारी अप्पांच्या घरून एकाच खोक्यातनं दोघींनी वीस-वीस घेतली. आधी तिनं उचलली. माझी सगळी उडाली. पण नेहमीपेक्षा चार गुण कमी पडले. फैरी जरा इकडं-तिकडं जात होत्या, का ते कळलं न्हाई.”

“तिच्या रायफलीत काही बदल केला होता, माहीत आहे?”

“मला कोण सांगतंय! का, काय केलंय?” आरती एकदम पुढं झाली. त्या डोळ्यांत खरीखुरी नवी जळजळ होती, जुनी नव्हे.

“काही नाही. मधे अप्पांकडं गेली होतीस?”

“गुरुवारी सकाळी. अप्पा पूजेला बसलेले, घरात दुसरं कोणी न्हाई. चहा घेतला, वाट बघितली, कंटाळून गेले.”

---

उदगीरचं निटुऱ्यांचं घर तीन खोल्यांचं, पत्र्याचं, झाडलोट केलेलं. दुपारचे तीन वाजले होते. दारात शिवकन्या उभी होती. चोविशीतली, अहमदपूरकडची. रडून झालं होतं आणि आता रागावायची पाळी होती.

“मॅडम, अप्पांचं नाव खराब झालं तर मी रायफलच सोडते,” ती म्हणाली. “त्यांनी मला काय न्हाई शिकवलं? वर्षभर रोज संध्याकाळी. खोलीत उकडतं म्हणून दार उघडं टाकून बसायचो. टोपी कशी निवडायची, कुठल्या रायफलीला कुठली, गरम टोपीनं काय व्हतं, कडकनं काय व्हतं, सगळं. ते म्हणतात, माझ्या बोटांत जाण हाय.”

गुरुपादप्पांनी मान हलवली. “चाळीस वर्षांत अशी बोटं बघितली न्हाईत,” ते म्हणाले.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी रत्नम्मा पाण्याचे तांबे घेऊन आल्या. पासष्टीच्या, बारीक, भालकीकडचं माहेर. शिवकन्या त्यांना अव्वा म्हणत होती. पाणी ठेवलं, रिकामे पेले उचलले आणि त्या आत गेल्या. मग चहा आला. मग पोह्यांचा चिवडा आला. शेषेरावांनी तो दोनदा घेतला.

काडतुसांची खोली स्वयंपाकघराला लागून होती. मधल्या भिंतीत वर हातभर झरोका. फळीवर तीन डबे. तांबड्या ठिपक्याचा पुढं, उघडा, अर्धा वापरलेला. पांढऱ्याचा मधे. काळ्याचा पार मागं, पण त्याचं सील ब्लेडनं कापावं तसं सरळ कापलेलं.

“हे तुम्ही उघडलं?”

“न्हाई!” म्हातारे दचकले.

महामायानं पांढऱ्या ठिपक्याचा डबा उघडला. आतल्या पुठ्ठ्यात भोकं पाडलेली, भोकागणिक एक टोपी. कंपनीची छाप नेहमीच्याच टोप्यांची.

“मंगळवारी रात्री आणून ठेवलेला हाच नवा शंभराचा पुठ्ठा शुक्रवारी काढला,” अप्पा म्हणाले. “चाळीस वापरल्या, साठ शिल्लक.”

तिनं चिमट्यानं एक टोपी उलटी केली आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. “आतल्या मसाल्यावरचा लाखेचा थर बघा. रंग कोणता?”

गुरुपादप्पांनी बघितलं. दुसरी टोपी बघितली, तिसरी बघितली. मग ते स्टुलावर बसले.

“नेहमीच्यांची लाख तांबूस असती. ही हिरवी हाय. ह्या... ह्या कडक हायत.”

काळ्या ठिपक्याच्या डब्यातल्या, कडक टोप्यांच्या पुठ्ठ्यात तांबूस लाखेच्या शंभर नेहमीच्या टोप्या शिस्तीत बसल्या होत्या. कोणीतरी एकेक टोपी उचलून इकडची तिकडं आणि तिकडची इकडं केली होती. दोनशे टोप्या. एकही उलटी नाही, एकही वाकडी नाही.

“शुक्रवारी तुम्ही टोपी बघितली नाही, अप्पा?”

“ठिपका बघितला,” ते पुटपुटले. “चाळीस वर्षं ठिपकाच बघतो.”

महामायाचं लक्ष पुठ्ठ्याच्या कोपऱ्याकडं होतं. भोकांच्या कडेला पांढरी बारीक भुकटी साचली होती. शेषेराव वाकले. “खडू! नेमबाज लोक हाताला घाम येऊ नये म्हणून लावतात की! आरती!”

“नेमबाज लावत नाहीत, काका. कसरत करणारे लावतात.” तिनं पिशवीतून टिंक्चर आयोडीनची बाटली काढली, भुकटी कागदावर झटकली आणि वर एक थेंब सोडला. तपकिरी थेंब बघता बघता निळाकाळा झाला. तिनं कागद घडी करून ठेवला आणि कोणाला काही बोलली नाही. शेषेराव परीक्षेत कोऱ्या वहीसमोर बसलेल्या पोरासारखे तिच्याकडं बघत राहिले.

“शिवकन्या,” ती म्हणाली, “आमच्या काकांना रिकाम्या पुंगळीत टोपी कशी बसवतात ते दाखव. मी जरा पाणी पिऊन येते.”

स्वयंपाकघरात रत्नम्मा पाटावर बसून गव्हल्या वळत होत्या. दोन बोटांत कणकेचा कण, एक वळसा, की तांदळाएवढी गव्हली ताटात. मधेच बोटं वाटीतल्या तांदळाच्या पिठीत बुडवायची, चिकटू नये म्हणून. ताटात हजारेक तरी पडल्या असतील, सगळ्या एका मापाच्या.

“काय हात आहे हो तुमचा!” महामाया म्हणाली आणि ते तिच्या मनातून आलं होतं.

“सवय. जावेच्या नातीचं लग्न हाय, रुखवताला पाहिजेत.”

“तुम्हाला अप्पांच्या कामातलं काही कळतं का?”

“अय्य, मला काय कळतंय त्यातलं. मला त्या खोलीत जायची मनाई हाय. हात ओले असतात ना बायकांचे.”

भिंतीपलीकडून मशीनचा आवाज आला. करकर, मग टक्. पुन्हा करकर, टक्.

“पोरगी बसवून राहिली,” रत्नम्मा मान वर न करता म्हणाल्या. “अप्पा असते तर दांडा खाली टेकवून जरा दम घेतला असता. हिचा हात घाई करतो. दुसरी निवांत बसवली, पहिली न्हाई.”

महामाया उभ्या उभ्या पाणी प्यायली. पेला तिनं स्वतः धुऊन ठेवला.

---

सहा वाजता नरसिंग आणि आरती निरोप मिळाल्याप्रमाणं लातूरहून आले. समोरच्या खोलीत सतरंजीवर सगळे बसले. रत्नम्मांनी चहाचं ताट आणलं, कप वाटले आणि त्या वळल्या.

“अव्वा,” महामाया म्हणाली, “तुम्ही पण बसा.”

“मी कशाला?”

“बसा.”

त्या दाराला टेकून बसल्या.

“पहिली गोष्ट,” महामायानं सुरुवात केली. “टोप्या खराब नव्हत्या. त्या कडक होत्या. नरसिंगभाऊंनी माझ्यासमोर उडवून दाखवली. म्हणजे कोणी तेल-पाणी घातलं नाही. कोणीतरी टोपी निवडली.”

“चुकून बदलली असंल,” आरती म्हणाली.

“दोनशे टोप्या चुकून बदलत नाहीत. आता निवड बघा. फळीवर तांबड्याचा डबा पुढं, उघडा. ज्याला शिवकन्येचं वाईट करायचंय आणि ज्याला ह्यातलं काही कळत नाही, तो हाताला येईल तोच डबा घेईल. ज्याला कळतं आणि जो दुष्ट आहे, तोही तोच घेईल. गरम टोपीनं दाब वाढला असता, तिच्या डोळ्यांशी खेळ झाला असता. हा माणूस तांबड्याला ओलांडून मागं गेला. सील कापलं आणि कडक टोपी घेतली. कडक टोपी काय करते? गप्प राहते. बस्स. ह्या माणसाला इजा नको होती. नाचक्की हवी होती.”

शिवकन्येनं ओठ दाबून धरले होते.

“दुसरी गोष्ट. कडक टोपी आरतीच्या रायफलीत उडाली. शिवकन्येच्या रायफलीत सात वेळा उडाली नाही, कारण तिची स्प्रिंग नरम आहे. हे ज्याला ठाऊक, त्यानंच हे केलं. आरतीला ठाऊक नव्हतं. शिवाय तिला टोप्या बदलल्याचं माहीत असतं, तर तिनं स्वतःसाठी त्याच खोक्यातली वीस उचलून चार गुण घालवले नसते.”

आरतीनं सुस्कारा सोडला आणि लगेच शिवकन्येकडं बघून म्हणाली, “स्प्रिंग नरम केली? मला सांगायचं तरी!”

“नरसिंगभाऊंना ठाऊक होतं. पण टोप्या बदलल्या बुधवार ते शुक्रवार, आणि त्यांची बोटं सोमवारपासून पट्टीत. ज्याला भाकरी मोडता येत नाही, तो मसुरीएवढ्या दोनशे टोप्या एका ओळीत बसवणार नाही.”

“मग अप्पा आन् मीच राहिलो,” शिवकन्या म्हणाली.

“अप्पांनी केलं असतं तर ते शंभर किलोमीटर माझ्याकडं आले नसते. तू केलं असतंस तर तुझीच शून्यं तू का मागून घेशील? म्हणून मी तिसऱ्या गोष्टीकडं आले. पुठ्ठ्यात पांढरी भुकटी होती. आयोडीन टाकलं, काळं-निळं झालं. खडू असा निळाकाळा होत नाही, म्हणजे ते पीठ होतं. ज्यानं टोप्या बदलल्या, त्यानं बोटांना ओल लागू नये म्हणून ती पिठात कोरडी करून घेतली. कारण टोपीला ओला हात चालत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.”

शेषेरावांनी कप खाली ठेवला.

“मी तिघांना विचारलं, घरात कोण होतं,” महामाया म्हणाली. “अप्पा म्हणाले, कोणी नाही. नरसिंगभाऊ म्हणाले, तिघंच होतो. आरती म्हणाली, घरात दुसरं कोणी नव्हतं. आमच्या काकांनी वहीत तेच लिहिलं, आणि आज दोनदा चिवडा खाऊनही खोडलं नाही. आणि सगळ्यांनी चहा घेतला! पूजेत बसलेल्या अप्पांनी तो केला का? स्प्रिंगची गोष्ट निघाली तेव्हा चहा कोणी आणून दिला?”

शेषेरावांनी वही मिटून मांडीखाली घातली. सगळ्यांच्या माना हळूहळू दाराकडं वळल्या.

रत्नम्मा हलल्या नाहीत.

“तू?” गुरुपादप्पा म्हणाले. “काहीतरीच! हिला काय कळतंय? हिला टोपीतला फरक—”

“चाळीस वर्षं भिंतीपलीकडं बसून तेच ऐकून राहिले,” रत्नम्मा म्हणाल्या. आवाज चढला नाही. “लग्न होऊन आले त्या वर्षी तुमच्या दारू तोलायच्या तराजूला हात लावला होता मी. तुम्ही म्हणालात, हे बायकांचं काम न्हाई. मी म्हटलं, बरं. न्हाई तर न्हाई. चाळीस वर्षं बाहेरून झाडलं, उंबऱ्यापर्यंत. मनात कधी वाईट आणलं न्हाई. बायकांचं न्हाई, त्याला कोण काय करणार?”

त्यांनी शिवकन्येकडं बघितलं. “मग ही आली. हिला हात धरून बसवलं मशीनवर. दार उघडं टाकून. म्हंजे बाई चालती. मीच चालत नव्हते!”

“अव्वा,” शिवकन्या म्हणाली, “माझं वर्ष गेलं असतं. माझं काय चुकलं होतं?”

“काही न्हाई चुकलं. तू बसलीस तिथं मला बसायचं होतं, एवढंच. लई जळले मी तुझ्यावर, पोरी. तुझ्या हातचा मशीनचा आवाज आला की तव्यावरची भाकर करपायची माझी. अप्पा म्हणायचे, अशी बोटं बघितली न्हाईत. मी आत गव्हल्या वळून राहिले, आन् हे म्हणतात बघितली न्हाईत.” त्यांनी पदरानं डोळे पुसले, रागानंच पुसले. “पण तुला लागू दिलं नसतं. तांबड्याला हात लावला न्हाई मी.”

गुरुपादप्पांचा चेहरा दहा वर्षांनी म्हातारा झाला होता.

“कागद द्या कोणी,” ते म्हणाले. “मी लिहून देतो. म्हाताऱ्याची नजर चुकली, कडक टोप्या भरल्या. पोरीला फेरी मिळंल. हिचं नाव कुठं यायचं न्हाई. परवाना जाईना का.”

चाळीस वर्षांची इज्जत त्या माणसानं एका दमात खाली ठेवली. शेषेरावांचे डोळे भरून आले. नरसिंगनं मान खाली घातली.

“न्हाई,” रत्नम्मा म्हणाल्या.

“अगं, पोलिसात गेलं तर—”

“जाऊ द्या. तुमच्या नावावर लिहायचं न्हाई. ह्या घरातलं सगळं तुमच्या नावावर हाय, घर, परवाना, बक्षिसाच्या ढालीसुद्धा. आयुष्यात एक काम मी त्या खोलीत केलं. वाईट केलं, पण चोख केलं. तीन डब्यांतला नेमका डबा ओळखला. नजर चुकली म्हणून लिहू नका. कोणाची नजर चुकली न्हाई. मी निवडल्या त्या टोप्या.”

त्या उठल्या, देवळीतून पोरांच्या जुन्या वहीचं पान फाडून आणलं, आणि शेषेरावांच्या खिशातलं पेन न विचारता घेतलं. सातवी शिकलेल्या बाईचं अक्षर मोठं होतं आणि सावकाश होतं. कुठल्या वारी, कुठल्या डब्यातून कुठल्या डब्यात, किती, आणि का, हे सगळं त्यांनी लिहिलं. ‘का’ला दोन ओळी पुरल्या. खाली पूर्ण नाव लिहून सही केली.

गुरुपादप्पांनी कागद वाचला, दुसऱ्यांदा वाचला. परवाना आता जाणारच होता, किल्ली मोकळी टाकली म्हणून. पण ते बायकोच्या हाताकडं बघत होते.

“शुक्रवारी बसवताना मला हाताला कळायला पाहिजे होतं,” ते म्हणाले. “कळलं न्हाई. तुला... उचलताना फरक लागला का गं?”

“लागला की. काळ्या डब्यातली जड हाय. लई न्हाई, मुगाच्या सालीएवढी.”

“मला चाळीस वर्षांत न्हाई लागला.”

“तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं,” रत्नम्मा म्हणाल्या आणि त्यांनी कागदाची घडी करून शिवकन्येच्या हातात दिली.